शंभुनाथ डे यांचं आपण काय देणं लागतो?

मागच्या वर्षी ऑफिसमध्ये मला एक छोटं बक्षीस मिळालं. 'स्पॉट अवॉर्ड' म्हणतात त्याला. पाच हजारांचं गिफ्ट व्हाउचर, टीमच्या कॉलवर टाळ्यांचे इमोजी आणि मॅनेजरच्या मॅनेजरकडून कौतुकाचा एक मेल. झालं असं होतं की, एका शुक्रवारी रात्री आमची सिस्टीम बसली. लोकांची पेमेंट अडकायला लागली. ऑन-कॉल मी होतो. दोन तास धडपडलो, काही सुचेना. मग कोडच्या एका कोपऱ्यात एक जुनी स्क्रिप्ट सापडली. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी नेमक्या याच संकटाचा विचार करून ती लिहून ठेवली होती. मी ती चालवली आणि वीस मिनिटांत सगळं सुरळीत झालं.

सोमवारी मॅनेजरनं विचारलं, "कसं काय जमवलंस रे?"

मी म्हणालो, "एक स्क्रिप्ट रन केली."

वाक्य खरं होतं. स्क्रिप्ट कुणाची, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात कोडची कुठली ओळ कुणी लिहिली हे बघायला एक कमांड आहे. तिचं नाव 'गिट ब्लेम'. म्हणजे काही बिघडलं की कुणाच्या नावानं खडे फोडायचे ते शोधणारी कमांड. 'गिट श्रेय' नावाची कमांड मी अजून पाहिलेली नाही. तर ती ब्लेमवाली कमांड मी शनिवारी पहाटेच चालवून बघितली होती. नाव दिसलं होतं. मी कंपनीत यायच्या आधीच सोडून गेलेला एक सीनियर. मी त्याला कधी भेटलो नव्हतो. म्हणजे सोमवारी मी गप्प बसलो, तेव्हा मला नाव माहीत होतं.

व्हाउचरमधून मी मित्रांना जेवण मागवलं आणि त्याच जेवणानं माझं पोट बिघडलं. याला न्याय म्हणावं का, माहीत नाही. दोन दिवस नुसता ओआरएस पीत पडून होतो. आजीचा गावाहून फोन आला. तिचं माहेर पंढरपूरच्या बाजूचं. म्हणाली, "मीठ-साखरेचं पाणी पीत राहा बाळा. आमच्या लहानपणी असं झालं की सकाळी धडधाकट असलेलं माणूस सांजच्याला गेलेलं असायचं. पटकी म्हणायचे."

'पटकी येवो' ही शिवी मी ऐकली होती. तो एक आजार होता, म्हणजे कॉलरा, हे त्या दिवशी नीट डोक्यात शिरलं. वारीत पटकीची साथ यायची, हेही आजीनंच सांगितलं. गावाच्या वेशीबाहेर मरीआईचं देऊळ का असतं, हेही. मग पडल्यापडल्या मोबाइलवर कॉलऱ्याबद्दल वाचत गेलो. वाचता वाचता एक नाव समोर आलं, जे मी शाळेत, कॉलेजात किंवा कुठल्याही क्विझमध्ये ऐकलं नव्हतं. शंभुनाथ डे. सोमवारच्या माझ्या गप्प बसण्याचा आणि या माणसाचा काही संबंध आहे, असं तेव्हापासून वाटतंय. तो काय आहे, हे शोधण्यासाठी हे लिहितोय.

*

आधी पोटातली भिंत समजून घेऊ. डे यांचं महत्त्वाचं काम या भिंतीवरच झालं.

आपल्याला वाटतं, घास गिळला की तो शरीराच्या आत गेला. खरं तर तोंडापासून खालपर्यंत एक सलग नळी आहे आणि त्या नळीची पोकळी ही एका अर्थानं अजून बाहेरचीच जागा आहे. 'आत' सुरू होतं ते आतड्याच्या अस्तराच्या पलीकडे. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. आतड्याच्या घड्या आणि त्यांच्यावरचे बारीक बोटांसारखे उंचवटे उलगडून मोजले, तर ते साधारण ३० चौरस मीटर भरतं, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहून थोडं कमी. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट टाके घातल्यासारख्या जोडलेल्या असतात. त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. या पेशी चार-पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात.

पण ही किल्ल्याची तटबंदी नाही. तटबंदीनं फक्त अडवायचं असतं. या भिंतीला जंतू अडवायचे असतात आणि त्याच वेळी अन्न-पाणी आत घ्यायचं असतं. दिवसभरात आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात येतं. त्यातलं दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यायल्यातलं, बाकीचं शरीरानंच सोडलेलं, म्हणजे लाळ, जठररस, पित्त वगैरे. यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. रोज शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर.

एवढा मोठा व्यवहार रोज होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे लगेच कळेल. राखण करण्याच्या कामात यश म्हणजे काहीही न घडणं. आणि काहीही न घडण्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्या त्या शुक्रवारी सिस्टीम बसली म्हणून मी हिरो झालो. ती आधीची तीन वर्षं बसली नाही, याबद्दल कुणाला बक्षीस मिळाल्याचं मला आठवत नाही.

*

कॉलऱ्यात ही भिंत उलटी वागायला लागते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. आजार तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकतं. डोळे खोल जातात, आवाज बसतो, रक्त घट्ट होत जातं आणि काही तासांत माणूस संपतो.

या आजाराचा जंतू १८८४मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातल्या रुग्णांमधून वेगळा काढला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा अंदाजही त्यांनी केला. त्यानंतर जवळजवळ ७० वर्षं शास्त्रज्ञ ते विष शोधत राहिले. प्राण्यांच्या कातडीखाली जंतू टोचले, शिरेत टोचले, पोटाच्या पोकळीत टोचले. प्राणी मरत होते, पण त्यांना जुलाब होत नव्हते. म्हणजे मृत्यू होत होता, कॉलरा होत नव्हता.

आम्ही बग शोधताना पहिली गोष्ट विचारतो, ती ही की, बग रिप्रोड्यूस होतोय का? जो बिघाड तुम्हाला मुद्दाम पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो तुम्हाला समजलेला नसतो. कॉलऱ्याच्या बाबतीत ७० वर्षं नेमकं हेच अडलं होतं.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातल्या एका गावातला. शिष्यवृत्तीवर शिकत ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात पोचले, १९३९मध्ये डॉक्टर झाले. पुढे लंडनला रॉय कॅमेरॉन या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करून १९४९मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली आणि ते कलकत्त्याला परतले. तिथं कॉलरा समोरच होता. रुग्ण होते, जंतू होते, आणि साधनसामग्री बेताची होती.

डे यांनी प्रश्नाची जागा बदलली. हा आजार सगळ्या शरीराला काय करतो, असं न विचारता तो आतड्याच्या अस्तराला काय करतो, असं त्यांनी विचारलं. सहकारी डी. एन. चटर्जी यांच्यासोबत त्यांनी एक साधा प्रयोग बसवला. सशाला भूल द्यायची, पोट उघडून लहान आतड्याचा थोडासा भाग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्यानं बांधायचा, त्या बंद तुकड्याच्या पोकळीत कॉलऱ्याचे जंतू सोडायचे, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला असायचा. कॉलऱ्यातलं पाणी, कॉलऱ्याच्या जागी, मुद्दाम घडवून दाखवलेलं. हे १९५३मध्ये प्रसिद्ध झालं.

तीन वर्षांनी त्यांनी हीच पद्धत वापरून जुलाबाच्या रुग्णांमधले ई. कोलाय जंतू तपासले आणि त्यातले काही असंच पाणी ओढून आणतात, हे दाखवलं. मग १९५९मध्ये शेवटचा तुकडा जुळला. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव त्यांनी गाळून घेतला, एकही जंतू त्यात राहू दिला नाही आणि नुसता तो द्रव आतड्यात सोडला. आतडं तसंच फुगलं. म्हणजे जंतूची गरजच नव्हती. त्यानं बाहेर सोडलेलं विष पुरेसं होतं. 'नेचर'मध्ये हा शोध जेमतेम दोन पानांत छापून आला.

पुढच्या काळात या विषाचं काम पेशीपर्यंत उलगडलं. ते वाचून मी उठूनच बसलो. हे विष भिंत फोडत नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या बँकॉकच्या रुग्णांच्या तपासणीतही अस्तर जागच्या जागी दिसलं होतं. विषाचा एक भाग पेशीत शिरतो आणि एका स्विचला 'चालू' स्थितीत अडकवून टाकतो. पेशीला सतत एकच निरोप जात राहतो. त्या निरोपानुसार ती क्लोराइड बाहेर टाकत राहते आणि त्याच्यामागून पाणी जातं. जंतू आतड्याच्या पोकळीतच असतात, भिंत धडधाकट असते, आणि तीच भिंत हुकूम पाळत माणसाचं पाणी बाहेर ओतत असते. आमच्या भाषेत सांगायचं, तर सिस्टीम हॅक करताना दरवाजा तोडलेला नाही, एक फ्लॅग कायमचा 'ट्रू' करून ठेवलाय.

डे यांना हे सगळं ठाऊक नव्हतं. सुरुवातीला त्यांनी बोट दाखवलं होतं ते केशवाहिन्यांतून होणाऱ्या झिरपण्याकडे. पेशी स्वतःच पाणी बाहेर टाकतात, हे नंतर कळलं. पण शोधायचं कुठं, हे त्यांनी पक्कं करून ठेवलं होतं.

*

आता गोष्टीचा दुसरा भाग.

विष आहे हे सिद्ध झाल्यावर पुढचं काम होतं ते शुद्ध रूपात वेगळं काढण्याचं. डे यांनी प्रयत्न केला. त्यासाठी लागणारी उपकरणं त्यांच्याकडे नव्हती. १९६१मध्ये त्यांनी कॉलऱ्यावर एक पुस्तक लिहिलं आणि हळूहळू ते या संशोधनातून बाजूला झाले. त्याच वर्षी इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ सुरू झाली. विष शुद्ध रूपात वेगळं निघालं ते १९६९मध्ये, अमेरिकेत, फिंकेलस्टाईन आणि लोस्पालुटो यांच्या प्रयोगशाळेत. डे १९७३मध्ये निवृत्त झाले. देशातला कुठलाही मोठा सन्मान त्यांना मिळाला नव्हता.

१९७८मध्ये नोबेल फाउंडेशननं कॉलरा आणि तत्सम आजारांवर एक परिसंवाद भरवला आणि डे यांना स्टॉकहोमला बोलावलं. तिथं ते जे बोलले त्याचा आशय असा की, मी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मेलो होतो, तुमच्या समितीनं मला उकरून बाहेर काढलं आणि या दोन दिवसांत मी पुन्हा जिवंत होतोय असं वाटतंय. स्वतः नोबेल मिळवलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं होतं. ते मिळालं नाही. १९८५मध्ये डे गेले.

हे वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. 'आपल्याकडे टॅलेंटची कदरच नाही' असं एक स्टेटस टाकून मोकळं होता येतं. मीही टाकणार होतो. बोट थांबलं, कारण कदर न करणाऱ्यांच्या यादीत चार दिवसांपूर्वी मीही नाव नोंदवलं होतं.

मग खरा प्रश्न समोर आला. श्रेय मिळालं नाही, तर माणसाचं नेमकं काय जातं? शोध तर तोच राहिला. आतडं फुगायचं थांबलं नाही. आणि जे गेलं, ते भरून द्यायची जबाबदारी कुणाची?

*

यावर आपल्याकडे एक उत्तर तयारच असतं. फळाची आशा धरू नये, काम करत राहावं. गीतेचा हा उपदेश मला पटतो. बक्षिसासाठी जगणाऱ्या माणसाची काय दशा होते, ते मी दर एप्रिलमध्ये अप्रेझलच्या वेळी बघतो, आरशातसुद्धा. पण एक गोष्ट आपण विसरतो. हा स्वतःच्या कर्माबद्दल स्वतःशी बाळगायचा नियम आहे. अर्जुनाला सांगितलं होतं ते अर्जुनाच्या कर्माबद्दल. 'मी श्रेयाची अपेक्षा ठेवणार नाही' हे म्हणणं मोठेपणाचं आहे. 'त्यानं श्रेयाची अपेक्षा ठेवू नये' हे म्हणणं म्हणजे दुसऱ्याचं देणं बुडवायची सोय आहे. शब्द जवळजवळ तेच. बोलणारा बदलला की अर्थ उलटतो. त्या सोमवारी माझ्या मनात हेच आलं होतं की, तो सीनियर तर सोडून गेला, त्याला आता काय फरक पडतो? त्याच्या वतीनं निष्काम व्हायचा अधिकार मला कुणी दिला?

दुसरं उत्तर असं की, श्रेय म्हणजे अहंकाराचा खाऊ, विज्ञानाला त्याचं काय? सत्य आज ना उद्या बाहेर येतंच. हे डे यांच्या बाबतीत तपासून बघा. श्रेय म्हणजे नुसता हार-तुरा असता, तर नुकसान फक्त त्यांच्या मनाचं झालं असतं. पण ज्याचं ऐकलं जातं त्याला उपकरणं मिळतात, विद्यार्थी मिळतात, पुढचा प्रयोग करायला जागा मिळते. १९५९मध्ये विष आहे हे कळलं आणि ते हातात आलं दहा वर्षांनी, दुसऱ्या खंडात. डे यांच्या हाती साधनं असती तर काय झालं असतं, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण ज्या माणसाला नेमकं कुठं खणायचं हे ठाऊक होतं, त्याच्या हातात कुदळच नव्हती, एवढं नक्की. म्हणजे श्रेय हे कामाचं शेवटचं फळ नसतं, पुढच्या कामाचं बियाणंही असतं. ते अडवलं की पुढचं पीक बुडतं, आणि ते पीक एकट्या डे यांचं नव्हतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली. डे यांची बाजू घ्यावी म्हणून खोलात गेलो, तर हिशेब लांबतच गेला.

१९५३च्या शोधनिबंधावर चटर्जींचंही नाव आहे. त्यांच्याबद्दल माझ्या हाती काहीच लागलं नाही. १९१५मध्ये, म्हणजे डे जन्मले त्याच वर्षी, व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यावर कॉलऱ्याचा असाच प्रयोग फ्रेंचमध्ये छापला होता आणि सगळे तो विसरून गेले होते. १९५९मध्येच मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर वेगळ्या वाटेनं काम करून कॉलऱ्याच्या विषाचीच भूमिका दाखवून दिली. परळला मी शेकडो वेळा गेलोय. ही नावं मला माहीत नव्हती. आणि कॉखच्याही तीस वर्षं आधी, १८५४मध्ये, फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू पाहून त्याचं वर्णन छापलं होतं. जंतूच्या शास्त्रीय नावाला पाचिनींचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं १९६५मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ८२ वर्षांनी. शिवाय ते ससे. त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ज्या पाकिटामुळे मी हा विचार सुरू केला, तो ओआरएस डे यांनी शोधला नाही. विषानं एक वाट बिघडवली तरी साखर आणि मीठ हातात हात घालून आत जातात ती वाट शाबूत राहते, हे दुसऱ्या लोकांनी शोधलं. मग १९७१मध्ये, बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा, बनगावच्या छावणीत सलाइन कमी पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३मध्ये. ते २०२२मध्ये वारले होते.

मग श्रेय द्यायचं कुणाकुणाला? आणि कुठवर? इथं मन एक पळवाट शोधतं. एवढा सगळा हिशेब लागणारच नाही, तर कशाला लावायचा? ज्ञान सगळ्यांचं असतं, सोडून द्या.

*

आपल्याकडे ऋणांची जुनी कल्पना आहे. माणूस जन्मतो तोच देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं कर्ज घेऊन. यातलं ऋषिऋण म्हणजे ज्यांनी ज्ञान मिळवलं आणि मागे ठेवलं त्यांचं कर्ज. ही कल्पना ज्या समाजात वाढली त्यानं बहुसंख्य लोकांना शिकूच दिलं नाही, हे विसरून चालणार नाही. कुणाला ऋषी म्हणायचं हेही तिथं जन्मावरच ठरत होतं. तरी या कल्पनेतली एक गोष्ट मला उपयोगी वाटते. ऋषिऋण ज्यांचं आहे त्यांना परत करायचं नसतं. ते करता येतच नाही, ते गेलेले असतात. ते फेडायचं शिकून आणि पुढं शिकवून.

आणि ते एकदम फिटत नाही. पण हप्ता भरता येतो. पूर्ण कर्ज फिटणार नाही म्हणून हप्ताच भरायचा नाही, हे कुठलीही बँक मान्य करणार नाही.

इथं हप्ता म्हणजे नाव घेणं. मी त्याकडे उपकाराची फेड म्हणून बघत नाही. नाव घेतल्यानं वाट उघडी राहते. 'एक स्क्रिप्ट रन केली' असं मी म्हटलं, तेव्हा एका माणसावर अन्याय झाला, एवढंच झालं नाही. माझ्या टीममधल्या कुणालाही ती स्क्रिप्ट का लिहिली गेली, कुठं चालत नाही, पुढच्या वेळी कुणाला विचारायचं, हे कळायची वाट मी बुजवली. १९१५चा तो फ्रेंच प्रयोग लोक विसरले, आणि तीच युक्ती पुन्हा सुचायला ३८ वर्षं गेली. त्या ३८ वर्षांत पटकीनं माणसं मरत होती. माझ्या आजीच्या लहानपणीची काही वर्षं त्यात येतात.

*

शेवटी मी त्या सीनियरला शोधून मेसेज केला. लिहायला अर्धा तास लागला. तुमची स्क्रिप्ट वापरली, बक्षीस मला मिळालं, नाव सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, सॉरी. त्याचं उत्तर रात्री आलं. आधी एक हसणारा इमोजी. मग, "अरे, ती अजून चालते? भारी!" आणि थोड्या वेळानं, "पण खरं सांगू का, तो घोळ मी नव्हता पकडला. टेस्टिंगला एक मुलगी होती, ती दोन महिने सांगत होती की असा लोड आला तर सिस्टीम बसेल. कुणी ऐकत नव्हतं. शेवटी मी वैतागून लिहून टाकली."

तिनं कोडची एकही ओळ लिहिली नव्हती. त्यामुळे गिटमध्ये तिचं नाव कुठंच नव्हतं.

पुढच्या टीम कॉलवर मी दोघांची नावं घेऊन ही गोष्ट सांगितली. माझा मॅनेजर म्हणाला, "ओके, गुड टू नो," आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. कुणाच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. मी त्या स्क्रिप्टच्या वरती तीन ओळींची कमेंट टाकली. हा धोका पहिल्यांदा कुणी ओळखला, उपाय कुणी लिहिला आणि तो पहिल्यांदा कधी कामी आला. तिसऱ्या ओळीत माझं नाव टाकावं की नाही, यावर थोडा वेळ घालवला. नाही टाकलं. तारीख टाकली.

व्हाउचर मात्र आधीच संपलं होतं.